मदत हवी आहे: दसऱ्याच्या गर्दीत शोरूमचं सीआरएम (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) अडतं, सर्व्हर वाढवूनही फरक पडत नाही

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या एका चारचाकी डीलरशिपची सिस्टीम मी सांभाळते. मुख्य शोरूम मुंबई-आग्रा महामार्गावर, वर्कशॉप अंबडला, छोटी आउटलेट्स पिंपळगाव बसवंत आणि मालेगावला. बिलिंग, स्टॉक आणि जॉब कार्ड कंपनीच्या डीएमएसवर (डीलरशिपसाठी कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरवर) होतं, त्यात आम्हाला काही बदलता येत नाही. एन्क्वायरी, टेस्ट ड्राइव्ह, कोटेशन, फॉलोअप, एक्सचेंज आणि इन्शुरन्स रिन्यूअलची आठवण मात्र आमच्या स्वतःच्या सीआरएमवर. सॉफ्टवेअर पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालणारं, ओपन सोर्स. व्हेंडरने ते क्लाउडवर मुंबई रीजनमध्ये बसवून दिलंय. पुढे कामं सर्व्हरांमध्ये वाटून देणारा लोड बॅलन्सर, गर्दी झाली की आपोआप उभे राहणारे ॲप सर्व्हर, मागे एकच डेटाबेस.

एरवी सगळं सुरळीत चालतं. पण आमच्याकडे गर्दी पंचांगाप्रमाणे येते. पितृपक्षात लोक गाडी बघून जातात, घरी नेत नाहीत. मग घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत फोन खाली ठेवायला फुरसत नसते. पुढे धनत्रयोदशी, पाडवा. द्राक्षाचे पैसे हातात आले की निफाड-दिंडोरीकडची गिऱ्हाइकं गुढीपाडव्याची डिलिव्हरी मागतात, त्यानंतर अक्षय्य तृतीया आहेच. २०२५ ला तर कळस झाला. जीएसटी कपात ३ सप्टेंबरला जाहीर झाली, लागू झाली २२ सप्टेंबरला, नेमकी घटस्थापनेला. छोट्या गाड्यांवर २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला. थांबून राहिलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी नव्या ऑन रोड किमतीचं कोटेशन हवं होतं.

अशा दिवशी जे होतं ते लिहिते:

सकाळी शोरूम उघडल्यावर वेग चांगला असतो. अर्धा-पाऊण तास गेला की एन्क्वायरी उघडायलाच मिनिट लागतं. नवे सर्व्हर उभे राहतात, त्यांचा सीपीयू जेमतेम तिसरा हिस्सा वापरात असतो, तरी पान हलत नाही. त्याच वेळी टेलिकॉलर मुली मध्येच लॉगआउट होतात. अपलोड केलेला पॅन कार्डाचा फोटो एकदा दिसतो, पान परत उघडलं की नसतो. आणि एकाच ग्राहकाला फॉलोअपचा एसएमएस दोन-तीन वेळा जातो, हे सगळ्यात वाईट.

व्हेंडर म्हणतो, आणखी मोठे सर्व्हर घ्या. मालक खर्चाला तयार आहेत, पण पैसे नेमके कुठे घालायचे हे मला त्यांना सांगता आलं पाहिजे. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. सिस्टीम अडली की सेल्सची पोरं एन्क्वायरी स्वतःच्या वहीत आणि मोबाइलमध्ये लिहून घेतात. मग फॉलोअप होत नाही, आणि पोरगा नोकरी सोडून गेला की ती गिऱ्हाइकंही त्याच्याबरोबर जातात. गिरणारेहून मुहूर्त गाठायला आलेल्या कुटुंबाला कोटेशनसाठी ताटकळत बसवणं मला अजिबात पटत नाही.

अशी व्यवस्था कुणी चालवली असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या चार तक्रारींतल्या तीन एकाच कारणाने होताहेत. हे सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर चालायच्या हिशेबाने बसवलंय आणि त्याच्या नुसत्या प्रती वाढवल्या आहेत. लॉगिनचं सेशन (कोण आत आलंय याची नोंद) त्या-त्या सर्व्हरच्या फाइलमध्ये राहतं, लोड बॅलन्सरने दुसरीकडे पाठवलं की माणूस बाहेर. सेशन रेडिसमध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरना सामायिक अशा जलद साठ्यात, ठेवायला सांगा. अपलोडचं फोल्डर सगळ्या सर्व्हरना सामायिक करा. आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारी सोय) प्रत्येक सर्व्हरवर चालू असणार, म्हणून एसएमएस जितके सर्व्हर तितक्या वेळा. क्रॉन फक्त एका वेगळ्या छोट्या मशीनवर ठेवा, ते ऑटोस्केलिंगमध्ये (गर्दीप्रमाणे आपोआप वाढणाऱ्या सर्व्हरांत) घेऊच नका. हे आज करा, बाकी नंतर.

संथपणाचं कारण डेटाबेसमध्ये शोधा. 'सकाळी ठीक, अर्ध्या तासाने मंद' हे वाचून मी आधी डिस्क बघेन. ॲमेझॉनवर असाल आणि डिस्क जीपी२ प्रकारची असेल, तर तिचा कायमचा वेग प्रत्येक जीबीला ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनाची कामं), कमीत कमी १००. १०० जीबीच्या डिस्कला ३०० मिळतात. साठवलेल्या क्रेडिटवर ती ३,००० पर्यंत धावते, क्रेडिट संपलं की परत ३०० वर. 'बर्स्ट बॅलन्स'चा (उरलेल्या क्रेडिटचा) आलेख बघा, गर्दीच्या दिवशी शून्याला टेकला असेल तर कारण मिळालं. जीपी३ मध्ये डिस्क छोटी असली तरी ३,००० ची हमी आहे. बदल डेटाबेस बंद न करता होतो, पण तो चालू असताना वेग उतरतो, म्हणून रात्री करा.

प्रतिसाद २

डिस्क बदलाच, पण इतकं वाचन मुळात होतंय कशामुळे, तेही बघा. स्लो क्वेरी लॉग (डेटाबेसमधल्या मंद चालणाऱ्या शोधांची नोंद) चालू करा. माझा अंदाज, तुमच्याकडे ग्राहक मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांवरून शोधतात. सगळ्याच शोरूममध्ये ती सवय आहे. शेवटाकडून शोधलं की मोबाइल नंबरच्या इंडेक्सने (लावलेल्या सूचीने) नेमकी जागा सापडत नाही, प्रत्येक वेळी सगळ्या नोंदी चाळल्या जातात. शेवटचे चार आकडे वेगळ्या कॉलममध्ये ठेवून त्यावर इंडेक्स लावा. फरक त्याच दिवशी दिसेल.

आणि मुहूर्ताच्या दिवशी ऑटोस्केलिंगच्या भरवशावर राहू नका. नवा सर्व्हर तयार व्हायला काही मिनिटं जातात, तेवढ्यात रांग लागते. तारखा वर्षभर आधी माहीत आहेत. शेड्यूल्ड स्केलिंगमध्ये त्या भरून ठेवा, शोरूम उघडायच्या तासभर आधी सर्व्हर तयार, रात्री बंद. पितृपक्षात कमीत कमी ठेवा, तेवढा खर्च वाचतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शेवटच्या चार आकड्यांचा अंदाज अगदी बरोबर आहे, आमच्याकडे असंच शोधतात. क्रॉन आज संध्याकाळीच एका मशीनवर आणायला सांगितलंय. डिस्कचा प्रकार व्हेंडरला विचारलाय.

एक शंका राहिली. पॅन आणि आधारच्या प्रती सामायिक फोल्डरमध्ये गेल्या की त्या सगळ्या सर्व्हरना दिसणार. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ बघता मला त्या डिलिव्हरी आणि आरटीओ पासिंग झाल्यावर गरजेपुरत्याच ठेवायच्या आहेत. बाकीच्या आपोआप काढून टाकायची सोय कुणी केली आहे का? आणि बॅकअपमध्ये राहिलेल्या प्रतींचं तुम्ही काय करता?