मदत हवी आहे: स्वस्त दुहेरी व्हॉल्यूम कंट्रोल सोल्डर करण्यापूर्वी कसे पारखावेत?

नमस्कार,

घरी बांधलेल्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरसाठी मी ५० किलोओहमचे, लॉग प्रकारचे (ज्यांचा रोध आधी हळू आणि मग झपाट्याने वाढतो) काही स्वस्त दुहेरी पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करणारे पोटेंशिओमीटर, घेतले आहेत. त्यांतून त्यातल्या त्यात चांगला नग कसा निवडावा, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. ॲम्प्लिफायर टीडीए२०३० या आयसीचा असून त्याचे सर्किट डेटाशीटमधील नमुन्याप्रमाणेच आहे. पॉट इनपुटला, कपलिंग कपॅसिटरच्या (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणाऱ्या) आधी जोडलेला आहे. आवाज अगदी कमी ठेवला की डावा स्पीकर उजव्यापेक्षा स्पष्टपणे मोठा वाजतो आणि आवाज वाढवत नेला की हा फरक नाहीसा होतो. पॉट आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधल्या तारांची अदलाबदल केली की मोठी बाजू बदलते. स्रोताकडच्या तारांची अदलाबदल केली तर मात्र बदलत नाही. त्यामुळे दोष पॉटमध्येच आहे, हे मी गृहीत धरतो.

बाहेरून पाहून काहीच कळत नाही, या निष्कर्षाला मी आलो आहे. शाफ्ट फिरवताना हाताला जाणवणारा मऊपणा हा आतल्या ग्रीसचा गुण असतो, कार्बनच्या ट्रॅकचा (रोध देणाऱ्या पट्टीचा) नव्हे. अंगावर छापलेल्या ‘ए’ आणि ‘बी’ या अक्षरांवरही मी विसंबत नाही, कारण आज ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर (सरळ प्रमाणात बदलणारा) असा प्रघात असला, तरी जुन्या युरोपीय मालावर ‘ए’ हे अक्षर लिनिअरसाठी वापरले जात असे. शाफ्ट बरोबर मध्यावर ठेवून वायपर (ट्रॅकवर सरकणारा मधला संपर्क) आणि खालचे टोक यांच्यातला रोध मोजला, तर लिनिअर पॉटमध्ये तो एकूण रोधाच्या निम्मा आणि लॉगमध्ये साधारण १० ते १५ टक्के भरतो. हे मोजणे सोपे आहे आणि माझे सर्व नग त्यात लॉगच ठरले.

दोन्ही बाजूंची तुलना नुसत्या ओहममध्ये करणे मला योग्य वाटले नाही, कारण एकूण रोधात २० टक्क्यांपर्यंत फरक चालतो आणि आवाज ठरतो तो वायपरखालचा रोध आणि एकूण रोध यांच्या गुणोत्तरावर. म्हणून दोन्ही ट्रॅकना एकाच पुरवठ्यातून ५ व्होल्ट डीसी देऊन, शाफ्ट वेगवेगळ्या जागी थांबवून, दोन्ही वायपरवरचे व्होल्टेज मोजले. मोठ्या व्होल्टेजला लहान व्होल्टेजने भागले असता १.१२ आले तर फरक १ डेसिबल, १.२६ आले तर २ आणि १.४१ आले तर ३ डेसिबल. मध्यावर बहुतेक नगांच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. खाली उतरल्यावर मात्र एका नगात एकीकडे ५० मिलिव्होल्ट असताना दुसरीकडे ७१ मिलिव्होल्ट मिळाले.

आता माझे प्रश्न. किती डेसिबल फरक चालवून घ्यावा आणि तो शाफ्टच्या कोणत्या जागी पाहावा? प्रत्यक्ष सर्किटमध्ये वायपरवर पुढे २२ किलोओहमचा भार येतो, जो माझ्या मोजणीत नाही. त्याने निष्कर्ष बदलेल का? आणि ऑसिलोस्कोप नसताना, पुढे खरखर करू शकणारा पॉट आधीच ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर:

आपली मोजण्याची पद्धत योग्य आहे. भाराची काळजी करू नये: आपण ज्या ५० मिलिव्होल्टच्या जागी मोजले, तिथे वायपरखाली जेमतेम ५०० ओहम उरतात आणि त्यांना समांतर २२ किलोओहम आल्याने फारसा फरक पडत नाही.

आपल्या ५० आणि ७१ मिलिव्होल्टच्या नगातला ३ डेसिबल फरक ऐकू येतो, हे खरे; पण साध्या कार्बन पॉटच्या डेटाशीटमध्ये तेवढी सूट बहुधा दिलेलीच असते, त्यामुळे तो नग नियमाने सदोष ठरत नाही. स्वस्त लॉग पॉटचा वक्र बहुधा वेगवेगळ्या रोधकतेचे दोन सरळ पट्टे जोडून साधलेला असतो, आणि खालच्या टोकाजवळ, जिथे गुणोत्तर फार लहान असते, तिथे छपाईतला किंचित फरकही मोठा होऊन दिसतो. माझ्या मते इथे पॉटइतकाच ॲम्प्लिफायरचा गेनही (सिग्नल किती पट वाढतो ते प्रमाण) कारणीभूत आहे. नमुना सर्किटमध्ये २२ किलोओहम आणि ६८० ओहम यांमुळे गेन सुमारे ३० डेसिबल होतो. स्रोत २ व्होल्टचा असेल, तर पॉट मध्यावर येण्याच्या सुमारासच ॲम्प्लिफायर आपली कमाल गाठतो आणि रोजचे ऐकणे ट्रॅकच्या सर्वांत वाईट भागात होते. स्रोत आणि पॉट यांच्यामध्ये प्रत्येक बाजूला १० किलोओहम ओळीत आणि त्यानंतर ४.७ किलोओहम ग्राउंडकडे असे दोन रेझिस्टर घालावेत. सिग्नल सुमारे १० डेसिबलने उतरतो, शाफ्ट तेवढाच वर फिरवावा लागतो आणि वाईट भाग आपोआप मागे पडतो. हे रेझिस्टर १ टक्क्याचे घ्यावेत, अन्यथा पॉटमधून घालवलेला फरक आपणच परत आणू. त्यानंतर आपण नेहमी ऐकता त्या पट्ट्यात १ डेसिबलच्या आत राहणारा नग निवडावा. अगदी तळाशी काय होते ते सोडून द्यावे.

खरखरीसाठी शाफ्ट न हलवता तीन मोजण्या घ्याव्यात: एक टोक ते वायपर, वायपर ते दुसरे टोक आणि टोक ते टोक. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरी वजा केली की वायपरच्या संपर्करोधाची दुप्पट मिळते. हा आकडा स्थिर असेल तर थोडा जास्त असला तरी बिघडत नाही. शाफ्ट कडेला हलकेच दाबल्यावर तो उड्या मारत असेल, तर तो नग बाजूला ठेवावा. काट्याचा जुना मीटर असल्यास शाफ्ट संथ फिरवत काटा पाहावा, कारण क्षणभर तुटलेला संपर्क डिजिटल मीटर अनेकदा दाखवतच नाही.

नवा पॉटही लगेच खरखरू लागला, तर मात्र त्याला दोष देण्याआधी स्रोत चालू पण सिग्नल बंद ठेवून पॉटच्या वरच्या टोकावरचे डीसी मोजावे. तिथे काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर स्रोताचा कपलिंग कपॅसिटर गळत असण्याची शक्यता असते आणि त्यावर कितीही महागडा पॉट बसवला तरी खरखर जात नाही.

निवडलेला नग सोल्डर केल्यावर पुरवठा बंद ठेवून आणि पॉटच्या वरच्या टोकाला येणारी तार काढून (नाहीतर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर मोजणीत मिसळतो) हीच संपर्करोधाची मोजणी पुन्हा घ्यावी. स्वस्त पॉटमध्ये पाय ट्रॅकला नुसते रिव्हेटने दाबलेले असतात, त्यामुळे सोल्डरची उष्णता जास्त वेळ लागली की तो सांधा सैल होऊ शकतो.