परदेशी कॅमेऱ्यातील आपली गरिबी: तुमचे अनुभव

१९७० साली बीबीसीने फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांची भारतावरील माहितीपट-मालिका दाखवली, तेव्हा तिच्यातील दारिद्र्याच्या चित्रणामुळे भारत सरकार इतके संतापले की बीबीसीला दिल्लीतील कार्यालय बंद करावे लागले. २००९ च्या जानेवारीत मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेल्या मुलाची कथा सांगणारा डॅनी बॉयल यांचा ‘स्लमडॉग मिलियनेअर’ आपल्याकडे प्रदर्शित झाला, तेव्हा नावातील ‘डॉग’वरून मुंबईत आणि पाटण्यात निदर्शने झाली. अशा वेळी सरकार बोलते, नटनट्या बोलतात, अग्रलेख निघतात. ज्यांची घरे पडद्यावर दिसली त्यांचे म्हणणे मात्र फारसे नोंदले जात नाही. म्हणून हा धागा काढला आहे.

असा एखादा चित्रपट तुम्ही कोठे आणि कोणाबरोबर पाहिला, चित्रीकरण जवळून पाहिले असल्यास काय घडले, आजूबाजूची माणसे काय म्हणाली, हे कृपया सविस्तर लिहावे. माझे मत आधीच सांगतो. गरिबी दाखवली याचा राग मला पटत नाही. ती दाखवताना त्या माणसाचे कष्ट आणि त्याची इच्छा वगळली जाते, याचा राग मात्र मला रास्त वाटतो.

धारावीत लहानाचा मोठा झालेला वाचक, सध्या बदलापूर

माझे वडील गोदीत कामाला होते, आई पापड लाटत असे आणि आमची खोली नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत होती. ‘स्लमडॉग’ची हिंदी आवृत्ती मी गल्लीतील मित्रांबरोबर शीवच्या एका चित्रपटगृहात पाहिली. अमिताभ बच्चन यांची स्वाक्षरी मिळवण्यासाठी शौचालयाच्या खड्ड्यात उडी मारणाऱ्या पोराच्या प्रसंगावर आमची सगळी रांग खळखळून हसली, कारण सकाळची ती गर्दी, तो डबा आणि ते दार बडवणे आमच्या रोजच्या ओळखीचे होते. अपमान झाला असे तेव्हा कोणालाही वाटले नाही. नावाविषयी कुरबूर झाली, पण तीही वर्तमानपत्रांतून चर्चा सुरू झाल्यानंतर.

मला जे खुपले ते घरी आल्यावर आईने बोलून दाखवले. तिने विचारले, “यांच्यात कामाला कोणी जात नाही का?” त्या मुलांची आई कपडे धुताना दिसते आणि तेथेच दंगलीत मारली जाते, त्यानंतर भीक, चोरी आणि गुंड हेच वस्तीचे जग होऊन बसते. कुंभारवाड्यातील भट्ट्या, तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक रंगानुसार वेगळे करणाऱ्या बाया, चामड्याच्या पिशव्या शिवणारे कारखाने, पहाटे इडलीचे डबे घेऊन निघणारी माणसे, यांपैकी कशालाही त्या कथेत जागा मिळाली नाही. दोन-अडीच चौरस किलोमीटरच्या त्या वस्तीत रिकामा हात क्वचितच दिसतो. ही गोष्ट जगापुढे गेली असती, तर आमच्या पत्त्यावरून नोकरीच्या मुलाखतीत आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले जाई, ती थोडी तरी बदलली असती, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. चित्रपटातील काही मुले खरोखरच वांद्र्याच्या झोपडपट्टीतून घेतलेली होती. आठ ऑस्कर मिळाल्यानंतर काही महिन्यांतच त्यांच्यापैकी एकाचे घर पाडले गेले. निर्मात्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी आणि घरासाठी न्यास स्थापन केला होता, हेही खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. तरीही पुरस्कारसोहळ्यातला तो मुलगा आणि पाडलेल्या घरासमोरचा तो मुलगा यांची छायाचित्रे आमच्या वस्तीत शेजारी शेजारी ठेवून पाहिली गेली.

बर्मिंगहॅम येथील वाचक

‘स्लमडॉग’ आला त्या वर्षी माझ्या कार्यालयात प्रत्येकाने तो चित्रपट पाहिला होता. सहकारी प्रेमाने विचारपूस करीत, आणि त्या प्रेमाचेच मला ओझे होई. माझ्या घरचे लोक सुरक्षित आहेत ना, असे एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी अगदी हळुवारपणे विचारले. माझे आईवडील डोंबिवलीत राहतात, वडील शाळेत गणित शिकवीत, असे मी सांगितले, तेव्हा त्यांना आनंद झाला. पण त्यांच्या मनातील मुंबईत डोंबिवली कोठेच बसत नव्हती.

निवृत्त बँक अधिकारी, पुणे

१९९१ मध्ये माझी बदली कलकत्त्याला झालेली होती. दिग्दर्शक रोलंड जॉफे ‘सिटी ऑफ जॉय’ या कलकत्त्याच्या गरीब वस्तीत आलेल्या अमेरिकन डॉक्टरवरील चित्रपटाचे चित्रीकरण करीत होते आणि शहरात त्याविरुद्ध तीव्र आंदोलन चालू होते. सेटवर बाँब फेकल्याच्या बातम्या आल्या, प्रकरण न्यायालयातही गेले. मी बंगाली सहकाऱ्यांना विचारले की, १९८० साली नर्गिस यांनी राज्यसभेत सत्यजित राय यांच्यावर परदेशात गरिबी दाखवल्याची टीका केली, तेव्हा तुम्ही सगळे राय यांच्या बाजूने उभे राहिलात, मग आता हा विरोध कशासाठी? आमच्या शाखेतील रोखपालाने दिलेले उत्तर मला आजही योग्य वाटते. तो म्हणाला की राय यांचा गरीब माणूस उपाशी असतानाही आपले निर्णय आपण घेतो, येथे मात्र अमेरिकन डॉक्टर येईपर्यंत वस्तीतील कोणी मान वर करीत नाही. पुढच्या वर्षी चित्रपट पाहिला, तेव्हा ओम पुरी यांनी रंगवलेला हातरिक्षावाला मला फार आवडला. ती भूमिका त्या रोखपालाच्या आक्षेपालाही पुरून उरते, असे माझे मत आहे. बाँब फेकणाऱ्यांचे समर्थन मात्र कोणत्याही अंगाने होऊ शकत नाही.

परदेशी चमूंसाठी स्थानिक समन्वयाचे काम केलेली वाचक, मुंबई

माहितीपट काढण्यासाठी येणाऱ्या चमूंना जागा, परवानग्या आणि दुभाषी मिळवून देण्याचे काम मी बरीच वर्षे केले. बहुतेक माणसे सज्जन असत, हे आधी सांगते. अडचण कामाच्या पद्धतीत असे. येण्यापूर्वीच पानेच्या पाने मजकूर तयार असे आणि त्यात ‘पाण्याच्या रांगेतील आई’ अशी जागा रिकामी ठेवलेली असे. ती भरणारी बाई शोधणे एवढेच माझ्याकडे उरे.

पूर्व उपनगरातील एका वस्तीत अशी एक बाई तयार झाली. चित्रीकरण आहे म्हणून तिने ठेवणीतील साडी नेसली, केस विंचरले, गजरा माळला आणि घर सारवल्यासारखे लख्ख केले. चमूने मला सांगितले की तिला रोजच्या कपड्यांत यायला सांगा. मी ते तिला सांगितले. ती म्हणाली, “ताई, फोटो काढायला कोणी मळकी साडी नेसतं का?” तिने साडी बदलली, नळावर पाणी येऊन गेलेले असतानाही रिकामा हंडा घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिली आणि इंग्रजीतील संमतीपत्रावर सही केली. त्या पत्रात काय लिहिले आहे हे मी तिला दोन वाक्यांत समजावले, कारण मला तेवढाच वेळ दिला होता.

मानखुर्द येथील तरुण वाचक

वरील सर्व अनुभव आदराने वाचले. तरीही एक प्रश्न मांडतो. आमच्या गल्लीतील उघड्या गटाराचे चित्रीकरण एका परदेशी चमूने केले, तेव्हा शेजारच्या इमारतींमधील लोकांनी देशाची बदनामी होते म्हणून तक्रार केली. ते गटार बुजवावे यासाठी त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. बदनामीची चिंता करणाऱ्यांनी आधी गटाराची चिंता करावी.

वैद्यकीय क्षेत्रातील वाचक, नागपूर

‘स्लमडॉग’ला ऑस्कर मिळाले त्याच रात्री मेगन मायलन यांच्या ‘स्माइल पिंकी’ या लघुमाहितीपटालाही मिळाले, आणि त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. मिर्झापूर जिल्ह्यातील दुभंगलेल्या ओठाची मुलगी, तिला शोधत गावोगाव फिरणारा समाजसेवक आणि वाराणसीतील शस्त्रक्रिया, एवढाच त्याचा विषय आहे. दिग्दर्शिका परदेशीच आहे, गरिबीही तीच आहे. पण मुलीचा बाप डॉक्टरला काय विचारतो, खर्चाची धास्ती कशी घेतो, हे त्याच्याच भोजपुरीत ऐकू येते. आमच्या रुग्णालयात ओपीडीबाहेर बसलेले बाप असेच बोलतात.

धागाकर्त्याचा प्रश्न

समन्वयाचे काम केलेल्या ताईंना विचारावेसे वाटते की, त्या बाईंना तो माहितीपट पाहायला मिळाला का?

मुंबईच्या वाचकाचे उत्तर

चमूने पाठवला नाही. मी मागून घेतला आणि तिच्या घरी लॅपटॉपवर दाखवला. ती पडद्यावर काही क्षणच होती. तिने विचारले की, मी एवढा वेळ माझ्या बचत गटाविषयी बोलले होते, ते कोठे गेले? त्यानंतर मी काम घेण्यापूर्वीच अटी घालू लागले: संमतीपत्र मराठीत किंवा हिंदीत असेल, ते पूर्ण वाचून दाखवले जाईल, कोणी कोणते कपडे घालावेत हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि पूर्ण झालेला माहितीपट वस्तीत दाखवला जाईल. बहुतेकांनी अटी मान्य केल्या. एका चमूने कपड्यांची अट नाकारली, तेव्हा ते काम मी सोडले.