मानेला मार बसून बोटं लुळी पडलीत, हाताचं ऑपरेशन करून पकड येते का?

कागलकर_पाटील
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ, वय 24, मागच्या उन्हाळ्यात विहिरीत सूर मारताना डोकं तळाला आपटून मान मोडली. रिपोर्टवर सी6 लिहिलंय, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीवर मार. मानेत प्लेट बसवली, आठ-नऊ महिने होत आलेत, आता घरीच आहे. खांदे चालतात, कोपर वाकतो, मनगट चांगलं वर उचलतो, पण कोपर ताकदीनं सरळ होत नाही आणि बोटं अजिबात हलत नाहीत. आडवा पडून हात वर केला की हात सरळ तोंडावर पडतो. चमचा पट्ट्यानं बांधून जेवतो. एका डॉक्टरांनी सांगितलं, आलं तेवढं आलं, आता पुढं काही होणार नाही. पण नेटवर वाचलं की चालू स्नायू दुसरीकडं जोडून पकड आणता येते. खरंच होतं का हे? आईला परत ऑपरेशन म्हटलं की रडू येतं. माहीत असेल तर सांगा, बाहेर न्यायची तयारी आहे.

फिजिओ_शाहूपुरी
दादा, खरं आहे आणि नवीन पण नाही. स्वीडनचे एरिक मोबर्ग यांनी 1970 च्या दशकातच खांद्याच्या मागचा डेल्टॉइड स्नायू कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सला जोडून कोपर सरळ करून दाखवला. भारतात तर त्याच्याही आधी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या हातांवर टेंडन ट्रान्सफर, म्हणजे चालू स्नायूची दोरी बंद स्नायूच्या जागी जोडायचं ऑपरेशन, करत होते. मनगट जोरात उचलतो म्हणजे तुमच्या भावाकडं द्यायला स्नायू असण्याची शक्यता चांगली आहे, पण तो स्नायू तपासणीत पाचपैकी निदान चार ताकदीचा लागतो. कोपर वाकवणारे स्नायू एकापेक्षा जास्त असतात, त्यातला ब्रॅकिओरेडिआलिस अंगठ्याला जोडला तरी कोपर वाकायचा थांबत नाही.

आता महत्त्वाचं. टेंडन ट्रान्सफर पाच-दहा वर्षांनी पण करता येतं, पण नर्व्ह ट्रान्सफर म्हणून दुसरा प्रकार आहे त्यात चालू नसेची फांदी बंद स्नायूच्या नसेला जोडतात, आणि जिथं मज्जारज्जूत थेट मार बसलाय त्या लेव्हलचे स्नायू वाळत जातात म्हणून ते शक्यतो वर्षाच्या आत करायचं असतं. म्हणून ‘नंतर बघू’ नका करू. मेलबर्नच्या टीमनं 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात 16 जणांचा रिपोर्ट दिला, एकूण 59 नर्व्ह ट्रान्सफर, काहींना जोडीला टेंडनचं पण केलं. चार ट्रान्सफर फेल गेल्या, पण दोन वर्षांनी बहुतेकांना वस्तू उचलणं, चिमटीत धरणं जमायला लागलं. बाईक अपघातात खांद्यातून नसा तुटलेल्यांची ऑपरेशनं जे हॅन्ड सर्जन करतात, पुण्या-मुंबईत आहेत, कोइमतूरचं गंगा हॉस्पिटल त्यासाठी नावाजलेलं आहे, अशांनाच दाखवा. ईएमजी (नसा-स्नायूंची विजेची तपासणी) करून कुठली नस चालू ते कळतं.

सी6_चाकावर
मी स्वतः केलंय, उजवा हात, टेंडनचं, अपघातानंतर बऱ्याच वर्षांनी. बोटं सुटी सुटी हलत नाहीत, तशी आशा ठेवू नका. सगळी बोटं एकदम मिटतात आणि अंगठा तर्जनीच्या बाजूला दाबून बसतो, चावी धरतो तसा. पण तेवढ्यानं काय होतं ते सांगतो, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, माझी मी घालतो, दुसऱ्याला हाक मारावी लागत नाही. ग्लास धरतो, पेन धरतो, एटीएम कार्ड ओढून काढतो. बाहेरच्यांना वाटतं आम्हाला सगळ्यात आधी चालायचंच असेल, पण मला कुणी विचारलं असतं तर मी हात मागितला असता. अमेरिकेत 2004 साली असा सर्व्हे झाला होता, त्यात पण मानेखाली अधू झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांनी हातच आधी मागितला.

अवघड काळ ऑपरेशननंतरचा. हात प्लास्टर-स्प्लिंटमध्ये, त्यावर भार टाकून खुर्चीत सरकणं दोन-तीन महिने बंद, म्हणजे होतं तेवढं पण परावलंबी झालो, घरातले दोघं सतत लागले. आणि बेडसोर किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर ते आधी बरं करा.

कागलकर_पाटील
लई धीर आला बघा. बोटं आखडायला लागलीत म्हणून आई रोज रात्री तेल लावून एकेक बोट सरळ ताणते, चालेल ना?

फिजिओ_शाहूपुरी
मनगट वर वळलेलं असताना बोटं सरळ ताणू नका, आजपासूनच थांबवा! सी6 च्या माणसानं मनगट वर उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात, तेवढ्यावर तो हलकी वस्तू उचलतो, ती बोटं सैल पडली की ती पकड पण जाते. बोटं सरळ करायची तर मनगट खाली सोडून, आणि बोटं मिटवून मनगट वर. आईंना तेलमालिश बंद करायला नका सांगू, फक्त हे दाखवून द्या. आखडणं जास्त वाटत असेल तर जवळच्या फिजिओला आधी दाखवा, सांधे घट्ट झाले तर सर्जन पुढं जात नाहीत.

सी6_चाकावर
पाटील, भावाला डॉक्टरपुढं स्वतः बोलू द्या. कुठलं काम जमायला पाहिजे ते त्यानंच सांगायचं, सर्जन त्यावरून ठरवतात कुठला स्नायू कुठं जोडायचा. आणि आईंना माझा हात बघायचा असेल तर मेसेज करा, मी रंकाळ्याजवळ राहतो, व्हीलचेअर घरात येते.