गॅस गिझर पेटतो आणि लगेच विझतो: सेन्सर की सोलेनॉइड (गॅसचा विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह)? मदत हवी आहे

सहा लिटरचा इन्स्टंट गॅस गिझर आहे, एलपीजीवर चालणारा, पाचेक वर्षं जुना. नळ सोडला की टकटक होते, बर्नर नीट निळा पेटतो आणि आठ-दहा सेकंदांत फट्‌कन विझतो. नळ बंद करून परत सोडला की पुन्हा तेच. वीस मिनिटांचा टायमर म्हणावा, तर तेवढा वेळ तो टिकतच नाही.

सेल नवे घातलेत (चांगले, अल्कलाइन). पाण्याच्या इनलेटची जाळी काढून धुतली, बराच क्षार निघाला, पण फरक शून्य. विझल्यावरही पाण्याची धार तशीच असते, म्हणून डायफ्रॅमवर (पाण्याच्या दाबाने गिझर सुरू करणारा रबरी पडदा) माझा फारसा संशय नाही. त्याच सिलिंडरवर शेगडी व्यवस्थित चालते. बर्नरसमोरच्या दोन पिनांपैकी सेन्सरची (ज्वाला पेटली आहे हे ओळखणारी) पिन काळी पडली होती, ती बारीक पॉलिश पेपरने घासली. त्यानंतर एक दिवस गिझर बरा चालला, मग पुन्हा रडगाणं सुरू.

गिझर बाथरूममध्ये नाही, उघड्या बाल्कनीत आहे, त्यामुळे हवेचा प्रश्न नाही. गॅसचा वासही येत नाही. मेकॅनिक म्हणतो, 'नवीनच घ्या.' त्याला तेच सोपं!

गॅसच्या बाजूला मी हात लावणार नाही, पण मल्टिमीटर आहे. विझतो त्या क्षणी सोलेनॉइडच्या वायरींवर व्होल्टेज राहतं की जातं, एवढ्यावरून दोष सेन्सर-सर्किटचा की सोलेनॉइडचा हे खात्रीने ठरवता येईल का? आणि सेन्सरची पिन ज्वालेत नेमकी किती आत असायला हवी?