मदत हवी आहे: डिजिटल ट्विन्सच्या मॉडेल डेफिनिशन वेगवेगळ्या फाइलमध्ये कशा काढायच्या?
अ‍ॅझ्युर डिजिटल ट्विन्सवर (खऱ्या उपकरणांच्या डिजिटल प्रतिकृती ठेवायची मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) आमच्या पंप-सेन्सरची ४०-एक मॉडेल्स, म्हणजे उपकरणाच्या प्रकारांची वर्णनं, आहेत. 'एझेड डीटी मॉडेल लिस्ट' ही कमांड मारली की नुसते आयडी, नाव असलंच काहीतरी येत होतं, मग कळलं की मागे डॅश डॅश डेफिनिशन लावावं लागतं. एकेक मॉडेल 'शो' कमांडने बघताना तर अर्धा दिवस गेला, डीटीएमआयमध्ये (मॉडेलच्या आयडीमध्ये) व्हर्जनच्या आधी अर्धविराम असतो आणि बॅशला (कमांड चालवणाऱ्या शेलला) वाटतं कमांड तिथेच संपली, अवतरणात टाकल्यावर चाललं (हसू नका). आता सगळं एकाच जेसनमध्ये येतंय, मला गिटमध्ये टाकायला प्रत्येकाची वेगळी फाइल हवीय. जेक्यूने (जेसन हाताळायचं कमांड-लाइन टूल) लूप फिरवू का? आणि नव्या इन्स्टन्सवर चढवताना दुसऱ्या मॉडेलला एक्स्टेंड करणाऱ्या (त्यावर बेतलेल्या) मॉडेल्सचं पॅरेंट, म्हणजे मूळ मॉडेल, आधी द्यायचं की सगळी एकदम चालतात? कोणी केलंय का?