वेडिंग बुटाला तळ कोणता? नमदा की रबर?

धंतोलीकर
एप्रिलमध्ये हिमाचलला, तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी चाललोय. रॉड, रीळ, फ्लाय (गळावरची नकली माशी) सगळं जमलं; गाडी अडली ती वेडिंग बुटाच्या तळाशी. (नवीन मंडळींसाठी: मांडीपर्यंत वाहत्या पाण्यात उभं राहून फ्लाय टाकायची, त्यासाठीचे हे बूट.) माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं. फेल्ट, म्हणजे आपला नमदा, घेऊच नये. तो पाणी पितो, दिवसचे दिवस ओला राहतो आणि एका नदीतलं शेवाळ-जंतू दुसऱ्या नदीत नेऊन सोडतो. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. नदीच्या तळावर ओल्या लोकरीसारखे थर चढतात त्याचे. २००८ मध्ये त्यांनी फेल्टच्या तळावर बंदीच घातली. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही २०१८ पासून चालत नाही. तरी आपल्याकडचे जुने गडी अजून फेल्टचंच गुणगान गातात.

नमदेवाला
जुना गडी हजर आहे. मागच्या खेपेला तीर्थनमध्ये साधे रबरी तळ घालून उतरलो होतो. बर्फ वितळलेलं पाणी, खाली गोल गोटे आणि त्यावर साबणासारखं शेवाळ. तिसऱ्या पावलाला आडवा. कोपर सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं, स्कूटरची किक मुलगा मारून द्यायचा. नमद्याचे धागे दगडावर दबतात, शेवाळाच्या पातळ थरातून खालच्या दगडापर्यंत पोचतात. रबर गार पाण्यात कडक होतं आणि वरच्या वर सरकतं. पडून पाण्याबरोबर वाहत जाणं आणि शेवाळ इकडून तिकडं जाणं, यात मला आधी माझा जीव दिसतो.

आणि बंदीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०११ ला घातली, २०१६ ला उठवली. कारण नाड्या, बुटाची जीभ, आतलं अस्तर हे सगळंच ओलं राहतं. नमद्याला फाशी आणि नाड्या निर्दोष?

धंतोलीकर
नाड्या निर्दोष नाहीत, पण नाडी पंख्याखाली रात्रीत वाळते. नमद्याचा थर बोटभर जाड. वरून कोरडा लागतो, मधे ओल तशीच. घरी स्पंज दाबून बघा, तसंच.

बापू रामटेकवाले
वाळायचं काय टेन्शन घेऊन राहिले बाप्पा? हे नागपूर आहे. मे महिन्यात ४५ डिग्री असते. गच्चीवर टाका, पापडाच्या बाजूले. दुपारपर्यंत शेवाळबी मेलं अन् जंतूबी मेले. न्यूझीलंडवाल्यायले असं ऊन कुठं भेटते?

गोरेवाडा
बापू, हा प्रयोग मी करून चुकलोय. मे महिना, गच्ची, पत्र्याच्या शेडवर बूट. जंतू मेले असतील, पण गोंदही मेला. संध्याकाळी बघतो तर डाव्या बुटाने आ वासलेला, तळ सुटून लोंबतोय. इतवारीतल्या मोच्याने चिकटवून वरून टाके मारून दिले. दुसऱ्या दिवशी पाण्यात टाके कुजले नाहीत, पण तळ परत सुटला. फेल्ट सावलीत, वाऱ्यावरच वाळवायचा असतो. आणि श्रावणात नागपुरात सावलीत काय वाळतं? मोजे तीन दिवस लोंबतात आमच्याकडे.

न्यूझीलंडवाल्यांचा नियम "तपासा, धुवा, वाळवा" असा आहे. सामान हाताला कोरडं लागल्यावर वर आणखी ४८ तास थांबायचं, तेव्हा ते वाळलं म्हणायचं. नमद्याच्या बाबतीत "हाताला कोरडं" हीच मोठी फसवणूक.

नमदेवाला
एक गोष्ट कोणी बोलतच नाही म्हणून मी बोलतो. तीर्थनमधली ब्राउन ट्राउट कोणी आणली? इंग्रजांनी. ती स्वतःच परकी. ती सोडली तेव्हा तिथल्या मूळच्या स्नो ट्राउटला कोणी विचारलं होतं? अंबाझरी जलपर्णीने भरतो, आपल्या तलावांत तिलापिया हा परका मासा माजलाय, आणि चर्चा कशाची? माझ्या बुटाची.

धंतोलीकर
हा मुद्दा चांगला आहे, खरंच. पण तो माझ्याच बाजूचा आहे! एकदा घुसलेली गोष्ट परत काढता येत नाही, हेच जलपर्णी दरवर्षी शिकवते. दरसाल मशीन लावून काढतात, दरसाल परत येते.

भूगोलमास्तर
भांडताय ठीक, पण कोणत्या दगडावर उभं राहायचंय ते कोणी विचारलं नाही. तीर्थनच्या खोऱ्यात क्वार्टझाइट, नाइस असे कठीण खडक, पाण्याने घासून गोल झालेले. नागपूरच्या पश्चिमेला आपला काळा बेसाल्ट, खडबडीत; त्यावर कोणताही तळ बरा धरतो. म्हणून इथल्या अनुभवावर तिथला बूट ठरवू नका.

रबर घ्यायचं तर नुसतं घेऊ नका, खिळे मारून घ्या. टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे शेवाळ फोडून दगडाला टोचतात. मात्र सपाट, गुळगुळीत, उघड्या कातळावर तेच खिळे काचेवर चालल्यासारखे सरकतात. तिथे अॅल्युमिनियमच्या पट्ट्या चांगल्या. धातू मऊ, म्हणून दगडच त्यात रुततो. झिजतात लवकर, पण पट्ट्या बदलता येतात, कोपर बदलता येत नाही. (नमदेवाला, राग नको.)

नमदेवाला
राग कशाचा! पण खिळ्यांचा आवाज ऐकलाय का? दगडावर टक-टक-टक. मासा काय बहिरा आहे? शिवाय तिथल्या होमस्टेच्या लाकडी फरशीवर त्या खिळ्यांनी चालून दाखवा, घरमालकीण काय म्हणते ते कळवा.

धंतोलीकर
फरशीवर बूट घालून कोण फिरतं? दारातच काढायचे. आवाजाचं मान्य आहे, हळू चालावं लागेल. तसंही ट्राउटजवळ धावत कोण जातं?

बापू रामटेकवाले
मी तं म्हणतो, इथं कन्हानवर दोन्ही बूट फेल आहेत. काठाची काळी माती नमद्याले लागली की बूट गेला कामातून. घसरगुंडीच! रबराच्या खाचांत भरली तं एकेक पाय किलोभर जड. आमच्याकडचे ढिवर भाऊ अनवाणी उतरते, अंगठ्यानं दगड चाचपते अन् मंग वजन टाकते. पडलेले पाहिले का कोणी? तुमी बुटावर पैसे खर्चून राहिले, पाय टाकाची पद्धत शिका आधी.

भूगोलमास्तर
बापू लाखमोलाचं बोलले. प्रवाहाला आडवं, अंग तिरकं ठेवून, पाय न उचलता सरकवत जायचं. हातात काठी, म्हणजे तीन पाय होतात. आणि वेडरला (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) कमरेचा पट्टा घट्ट, पडलात तर आत पाणी कमी शिरतं. बर्फाच्या पाण्यात अनवाणी मात्र नको, दहा मिनिटांत अंगठ्याला काही कळेनासं होईल.

नमदेवाला
काठी मी नेली नव्हती, हे खरं आहे. कबूल. तरी नमदा सोडणार नाही. तो फक्त तीर्थनसाठीच ठेवलाय, दुसऱ्या कुठल्याही पाण्यात नेत नाही. एक बूट, एक नदी. यावर काय म्हणणं आहे?

गोरेवाडा
यावर म्हणणं नाही. पण हे फक्त तुम्ही पाळाल. उद्या तोच बूट तुमच्याकडून पुतण्या मागून रामगंगेवर नेईल.

नमदेवाला
पुतण्याला नऊ नंबर लागतो, माझा सात. धंतोलीकर, तुमचा किती? खिळेवाला जोड आहे माझ्याकडे, कोपर मोडल्यावर घेतला होता. एकदाच घातलाय.

धंतोलीकर
आठ. जाड मोजे घालून उतरायचंय, बसणार नाही. पण काठी असेल तर ती द्या.