मदत हवी आहे: एआय एजंटला बिटकॉइनचा ब्लॉक शोधायचं टूल दिलंय, पण भलताच ब्लॉक आणतोय

खानापूर_नोड
नमस्कार मंडळी. नोड जेएसमध्ये एमसीपी सर्व्हर (एआय एजंटला बाहेरची टूल्स जोडून देणारा) लिहिलाय, एसटीडीआयओवर (स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर) चालतो. टूल एकच, 'ब्लॉक आण'. इनपुटला एक स्ट्रिंग, त्यात ब्लॉकची उंची (साखळीतला क्रमांक) नाहीतर हॅश (ब्लॉकची ओळख सांगणारी लांब खूण). ती पार्सइंटमधून (स्ट्रिंगचा आकडा करणाऱ्या फंक्शनमधून) जाते, मग एक्सप्लोररच्या (ब्लॉक दाखवणाऱ्या साइटच्या) सार्वजनिक एपीआयला दोन कॉल: उंचीवरून हॅश, हॅशवरून ब्लॉक. विचारणारे बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे. मराठी, कन्नड, इंग्रजी, सगळं एकाच वाक्यात.

बिटकॉइनचा ब्लॉक ८,४०,००० कधी आला असं विचारलं (आकडे इंग्रजी, स्वल्पविराम आपल्या पद्धतीने), तर उत्तर येतं: जानेवारी २००९, बक्षीस ५० बिटकॉइन. एरर काहीच नाही! तोच प्रश्न मराठी आकड्यांत टाकला की 'नॅन' (म्हणजे आकडाच नाही) येऊन टूल पडतं. आणि गंमत म्हणजे काही वेळा दोन्ही बरोबर चालतं.

शिवाय ब्लॉकमधले सगळे व्यवहार मागितले की एजंटचा कॉन्टेक्स्ट (एका वेळी त्याला वाचता येणारा मजकूर) भरून जातो. अधूनमधून सर्व्हर जोडलाच जात नाही, जेसन पार्स एरर येते. पुढे इथरियमपण जोडायचंय. कुठून सुरुवात करू?

शहापूरकर
पार्सइंटपासून. ते पहिला न कळलेला वर्ण दिसला की थांबतं आणि तोवर मिळालेला आकडा परत देतं. ८,४०,००० मधून त्याला फक्त ८ मिळतो. ब्लॉक ८ खरोखरच जानेवारी २००९ चा आहे, तेव्हा बक्षीसही ५० होतं, म्हणून उत्तर खरं वाटतं. हॅश दिलात तर आणखी वाईट: सुरुवातीची शून्यं गळतात आणि पहिल्या अक्षरापर्यंतचे अंक उंची म्हणून धरले जातात.

कधी चालतं, कधी नाही, याचं कारण मॉडेल. ते कधी स्वल्पविराम काढून, आकडे बदलून टूलला देतं, कधी माणसाने लिहिलं तसंच पुढे ढकलतं. त्याच्यावर विसंबायचं नाही.

स्कीमात (टूलच्या इनपुटच्या साच्यात) दोन वेगळी फील्ड करा: उंची, प्रकार पूर्णांक, किमान ०, आणि हॅश, नेमके ६४ हेक्स वर्ण (० ते ९, ए ते एफ). दोन्ही आली किंवा एकही आलं नाही तर नकार. स्कीमा असली तरी सर्व्हरवर पुन्हा तपासा. स्ट्रिंग आलीच तर मराठी अंक यू+०९६६ पासून आणि कन्नड अंक यू+०सीई६ पासून सलग दहा आहेत, तेवढे बदलून घ्या. युनिकोडच्या एनएफकेसी नॉर्मलायझेशनने हे अंक बदलत नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

'साडेआठ लाखावा ब्लॉक' असलं काही टूलमध्ये सोडवायला जाऊ नका, ते मॉडेलला करू दे. पण उत्तरात मागितलेली उंची आणि मिळालेली उंची दोन्ही परत द्या, म्हणजे ८,५०,००० धरलंय हे माणसाला दिसेल.

टिळकवाडी_टेक
जेसन एरर म्हणजे कुठेतरी कन्सोल-लॉग राहिलाय बघा. एसटीडीआयओवर स्टँडर्ड आउटपुटमधून फक्त प्रोटोकॉलचे संदेश जायला हवेत, एक जादा ओळ गेली तरी क्लायंट अडखळतो. लॉग कन्सोल-एररने काढा. एखादं पॅकेजही सुरू होताना बॅनर छापतं, तेही शोधा.

पूर्ण ब्लॉक एजंटला देऊच नका. हजारो व्यवहार असतात, जेसन काही एमबीचं होतं. मुख्य टूलने उंची, हॅश, आधीचा हॅश, वेळ, व्यवहारांची संख्या, आकार एवढंच द्यावं. व्यवहारांना वेगळं टूल, एका पानाला २५, पुढचं पान हवं तर सुरुवातीचा क्रमांक.

वेळ युटीसी आणि भारतीय, दोन्ही लिहून द्या. ८,४०,००० हा ब्लॉक २० एप्रिल २०२४, युटीसी ००:०९ चा. आपल्याकडे पहाटेचे ५:३९. मॉडेलला साडेपाच तास मिळवायला लावलं की कधीतरी चुकतंच. ब्लॉकची वेळ मायनर (ब्लॉक बनवणारा) घालतो, त्यामुळे पुढच्या ब्लॉकची वेळ आधीच्यापेक्षा मागची असू शकते. तो बग समजू नका.

खानापूर_नोड
धन्यवाद दादा. पार्सइंट आणि लॉग दोन्ही काढले, आता बरोबर ब्लॉक येतो. पण ८,४०,००० चं बक्षीस एजंट ४०.७५ सांगतो. हाव्हिंगनंतर (बक्षीस निम्मं झाल्यावर) ३.१२५ हवं ना?

शहापूरकर
दोन्ही बरोबर, नावं वेगळी. कॉइनबेस व्यवहाराची (ब्लॉकमधला पहिला, मायनरला बक्षीस देणारा) एकूण रक्कम ४०.७५, त्यात नवी नाणी ३.१२५ आणि उरलेलं सुमारे ३७.६ शुल्क. त्या ब्लॉकला शुल्क अफाट होतं. 'सबसिडी' आणि 'शुल्क' अशी दोन फील्ड ठेवा. सबसिडी उंचीवरूनच निघते: दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मी. रक्कम सातोशीत (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग), पूर्णांकात ठेवा. एक्सप्लोरर बहुतेक सातोशी देतात, बिटकॉइन कोअर (नोडचं सॉफ्टवेअर) दशांशात बिटकॉइन देतं. मिसळलात तर दहा कोटी पटीची चूक.

निपाणीकर
इथरियमला तीन खड्डे. उंची हेक्समध्ये, सुरुवातीला ०एक्स लावून, आणि त्यानंतर फालतू शून्य नको. रक्कम वेईत येते, १ इथर म्हणजे १० चा १८ वा घात वेई, जावास्क्रिप्टचा नंबर २ च्या ५३ व्या घातापर्यंतच भरवशाचा. बिगइंटमध्ये घ्या, एजंटला स्ट्रिंग म्हणून द्या. तिसरं, 'लेटेस्ट' (सगळ्यात नवा ब्लॉक) टॅगवर पक्कं उत्तर देऊ नका, ब्लॉक बदलू शकतो. 'फायनलाइज्ड' (पक्का झालेला ब्लॉक) टॅग वापरा. तो नेहमी काही मिनिटं मागे असतो, हे टूलच्या वर्णनात लिहा, नाहीतर एजंट 'नेटवर्क बंद पडलंय' म्हणून मोकळा होतो. ब्लॉक नसेल तर एरर नाही, नल (रिकामं उत्तर) येतं. त्याचं 'हा ब्लॉक सापडला नाही' असं स्पष्ट वाक्य करून द्या.

एपीआयकडून ४२९ (फार विनंत्या झाल्या) आला तर किती सेकंद थांबायचं ते एजंटला सांगा आणि पुन्हा प्रयत्न सर्व्हरनेच मोजून करावेत. हॅशवरून आणलेला ब्लॉक कायमचा कॅश करा. उंचीवरून आणलेला बिटकॉइनचा ब्लॉक मात्र वर सहा ब्लॉक चढल्याशिवाय नको.

खानापूर_नोड
एपीआयची मर्यादा टाळायला घरीच प्रून केलेला (जुने ब्लॉक पुसणारा) बिटकॉइन नोड ठेवला तर? डिस्क लहान आहे.

टिळकवाडी_टेक
प्रून ५५० एमबीपर्यंत खाली नेता येतं, पण मग जुन्या ब्लॉकचं फक्त हेडर मिळेल, कॉइनबेस नाही. म्हणजे शुल्काचं उत्तर एपीआयवरूनच. आणि पहिल्यांदा ६०० जीबीच्या वर डाउनलोड चुकत नाहीच. पावसाळ्यात तुमच्याकडे लाईट जाते तेव्हा यूपीएस हवाच. डेटाबेस खराब होऊन रीइंडेक्स करायची वेळ आली तर प्रून नोडला सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

अजून एक. कॉइनबेसमध्ये ब्लॉक काढणारा मायनर काहीही मजकूर लिहू शकतो, पहिल्याच ब्लॉकमध्ये लंडनच्या टाइम्सचा मथळा आहे की. उद्या कुणी तिथे एजंटसाठी हुकूम लिहिला तर? तो मजकूर हेक्समध्येच द्या, मागितल्याशिवाय उलगडू नका. आणि या एजंटला वॉलेटचं टूल जोडू नका.

खानापूर_नोड
समजलं. नोड राहू दे, एपीआय आणि कॅशच ठेवतो. इंग्रजी, मराठी, कन्नड आकडे, स्वल्पविरामासह आणि विना, शिवाय हॅश, अशा सात चाचण्या लावल्या. सहा पास. कन्नड आकडे स्वल्पविरामासह दिले की अजून नकार येतोय.

शहापूरकर
स्वल्पविराम आधी काढताय आणि त्याची तपासणी फक्त इंग्रजी आणि मराठी अंकांसाठी लिहिलीय, असं दिसतंय. आधी अंक बदला, मग स्वल्पविराम.

खानापूर_नोड
तेच होतं. सातही पास.